थेव्हेनोच्या एका पानाची उलटतपासणी

शिवजयंतीच्या भाषणांत, शाळांच्या फलकांवर आणि आपल्या दिवाळी अंकांतही एक हवाला वारंवार भेटतो. थेव्हेनो नावाच्या फ्रेंच प्रवाशाने महाराजांचे वर्णन लिहून ठेवले आहे: अंगकाठी लहान, डोळे तेज आणि बुद्धिमान, जेवण बहुधा दिवसातून एकदाच. लिहिणारा परका म्हणून निःपक्षपाती आणि समकालीन म्हणून प्रत्यक्षदर्शी, असे आपण मनाशी धरून चालतो. हे खरे की नाही ते ठरवायचे तर पुस्तकच हाती हवे. पूर्वी त्यासाठी दिग्रसहून नागपूर किंवा पुणे गाठावे लागे. आता जुन्या प्रवासवर्णनांची पुनर्मुद्रणे टपालाने घरी येतात. माझ्यासारख्या, विद्यापीठाच्या बाहेर राहून अभ्यास करणाऱ्याला हा मोठाच आधार आहे.

मात्र पुनर्मुद्रणात एक चकवा असतो. मुखपृष्ठ नवे, किंमत नवी, साल नवे. आतली पाने मात्र जुन्या पानांची छायाचित्रे. माझ्याकडच्या एका प्रतीत मूळ आवृत्तीचे शीर्षकपृष्ठच गाळले आहे. अशी प्रत वाचताना वाटते की प्रवासी थेट आपल्याशी बोलतो आहे. प्रत्यक्षात मध्ये बरीच माणसे उभी असतात.

थेव्हेनोचेच पाहू. जाँ द थेव्हेनो पॅरिसचा, जन्म १६३३चा. तो सुरतेला उतरला जानेवारी १६६६मध्ये. गुजरात, औरंगाबाद, वेरूळ, गोवळकोंडा असा फिरून परतीच्या वाटेवर असताना नोव्हेंबर १६६७मध्ये इराणात मियाना येथे वारला. त्याच्या हिंदुस्थानच्या प्रवासाचा भाग पॅरिसमध्ये छापला गेला तो १६८४ साली, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. त्याचा लव्हेलकृत इंग्रजी अनुवाद १६८७चा. सुरेंद्रनाथ सेन यांनी हा इंग्रजी मजकूर टिपांसह संपादित केला आणि राष्ट्रीय अभिलेखागाराने तो १९४९मध्ये प्रसिद्ध केला. मराठी लेखक बहुधा या इंग्रजीवरूनच उतरवून घेतात.

आता ते पान. सुरतेची लूट झाली जानेवारी १६६४मध्ये. थेव्हेनो तेथे पोचला त्याला तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती. महाराजांना भेटल्याचे तो सांगत नाही. तेव्हा वर्णन ऐकीव आहे. ते किती विश्वासाचे, हे त्याच्याच शेजारच्या वाक्यांवरून पाहता येते. महाराजांचा जन्म वसईचा, असे तो लिहितो. सुरत लुटली तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते, असेही लिहितो. जन्मस्थान शिवनेरी, याबद्दल आपल्याकडे वाद नाही. वाद होता तो तिथीचा. फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० धरली तर लुटीच्या वेळी महाराजांना चौतिसावे चालू होते. जुनी १६२७ची तिथी धरली तर छत्तीस पुरी झाली होती. थेव्हेनोचे पस्तीस कोणत्याच पक्षाला उपयोगी पडत नाहीत.

मग वर्णनाचे काय? त्याला ताडून पाहायला दुसरा एक कागद आहे. सुरतेच्या इंग्रज वखारीतला पाद्री एस्कॅलियट याने लुटीनंतर काही दिवसांतच, २६ जानेवारी १६६४ रोजी, इंग्लंडला थॉमस ब्राउन यांना पत्र लिहिले. अँथनी स्मिथ हा इंग्रज व्यापारी मराठ्यांच्या छावणीत अडकून नुकताच सुटून आला होता. ज्यांनी पाहिले त्यांच्या सांगण्यावरून एस्कॅलियट लिहितो की महाराजांची उंची बेताची, नजर भेदक आणि वर्ण सोबतच्या लोकांहून उजळ. थेव्हेनो मात्र वर्ण सावळा सांगतो. दोन्ही कागद जुळतात ते उंचीपुरते आणि डोळ्यांपुरते. तेवढे ठेवावे. एका वेळच्या जेवणाला दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत ते फलकावर लिहू नये.

याच सेनांनी १९२०मध्ये सभासद बखरीचे इंग्रजी भाषांतर केले होते. सभासद महाराजांच्या पदरचा माणूस. बखर त्याने जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेने, शिवछत्रपतींच्या निधनानंतर सुमारे दीड दशकाने लिहिली. उशिरा लिहिली, स्मरणावर लिहिली, असे म्हणून तिचे प्रत्येक वाक्य आपण घासून घेतो. राजवाड्यांनी ती शिस्त लावली आणि ती योग्यच आहे. मग सतरा वर्षे पेटीत पडून राहिलेल्या फ्रेंच मजकुराला ती का लावू नये? साहेबाने लिहिले की खरे, ही सवय इतिहासातून अजून गेलेली नाही.

याचा अर्थ ही पुस्तके टाकून द्यावीत असा नाही. ताव्हेर्निये हा दुसरा फ्रेंच प्रवासी, हिऱ्यांचा व्यापारी. त्याचे पुस्तक १६७६चे आणि ते लिहिताना त्याने शाप्युझो या लेखकाचे साहाय्य घेतले होते. व्हॅलेंटाइन बॉल यांनी १८८९मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला. बॉल भूगर्भशास्त्रज्ञ, म्हणून त्यांच्या टिपा खाणी, वजने आणि कोसांचा हिशेब यांत रमतात. ताव्हेर्निये नवापूरच्या तांदळाबद्दल लिहितो: दाणा बारीक, बर्फासारखा पांढरा, कस्तुरीचा वास, इराणात कुणाला भेट द्यायची तर याचे पोते न्यावे. इथे तो जाणकार ग्राहक आहे. माल कसा, वाट किती कोसांची, मुक्काम कुठे, हे त्याच्या धंद्याचे विषय. तिथे त्याचा शब्द वजनदार. राजांच्या दरबारातल्या गोष्टी सांगताना मात्र तोही ऐकलेलेच सांगतो.

औरंगाबादहून गोवळकोंड्याला जाणारी या दोघांचीही वाट नांदेडवरून जाते. आमच्याकडून उमरखेडमार्गे पैनगंगा ओलांडली की नांदेडचा रस्ता लागतो, त्यामुळे मुक्कामांच्या त्या यादीत आपल्या भागातले एखादे गाव शोधण्याचा मोह मलाही होतो. नावे फ्रेंच कानांनी ऐकलेली, फ्रेंच छापखान्यात जुळवलेली. थोडे ओढले तर कुठलेही गाव बसवता येते. म्हणून मी ओढत नाही.

पुनर्मुद्रित प्रत हाती आली की मी आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने चार साले लिहितो: पाहिले कधी, लिहिले कधी, छापले कधी, भाषांतर कधी. पहिले साल रिकामे राहिले तर त्या मजकुराला लोकवार्ता समजावे. लोकवार्तेलाही मोल असते. लुटीनंतर दोन वर्षांनी सुरतेच्या पेठेत महाराजांविषयी काय बोलले जात होते, हे थेव्हेनोइतके जवळून फार थोडे जण सांगतात. त्याला त्याच कामासाठी साक्षीला बोलवावे.