न विझणाऱ्या चुलीची कुळकथा

आगा या चुलीला मूळ रूपात एकही बटण नव्हतं. आच कमी-जास्त करायला कळ नाही, बंद करायला खटका नाही, रोज सकाळी पेटवायची गरज नाही. वर दोन जाडजूड तवे, त्यांवर घुमटासारखी दोन झाकणं आणि खाली ओव्हनचे दरवाजे. उकळी हवी असेल तर भांडं डाव्या तव्यावर ठेवायचं, मंद शिजवायचं असेल तर उजव्या तव्यावर सरकवायचं. भाजणं वरच्या ओव्हनमध्ये, तासन् तास मुरत ठेवायचं ते खालच्या. दोन ओव्हनच्या चुलीचं वजन चारशे किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे ती घेण्याआधी जमीन तेवढा भार पेलेल का हे पाहावं लागतं.

ब्रिटनमध्ये ही चूल सुखवस्तू घराची खूण मानली जाते. तिथल्या खेड्यापाड्यांतल्या खात्यापित्या मध्यमवर्गाच्या कादंबऱ्यांना १९९२ मध्ये ‘आगा सागा’ असं नावही पडलं. तिचा जन्म मात्र स्वीडनमधला, आणि तिच्या जन्मामागचा हेतू होता इंधन वाचवण्याचा. आज ती ज्या कारणासाठी टीकेची धनी होते, नेमकं तेच एके काळी तिचं सर्वांत मोठं भूषण होतं. हा उलटफेर कसा झाला हे समजून घेण्यासाठी आधी समुद्रावरच्या दिव्यांकडे जावं लागतं.

निल्स गुस्ताफ डालेन १८६९ मध्ये स्वीडनमधल्या स्टेनस्टॉर्प या गावी शेतकरी घरात जन्मला. घरची शेती आणि दुग्धव्यवसाय सांभाळतानाच त्याने दुधातली स्निग्धता मोजणारं एक उपकरण तयार केलं. ते त्याने गुस्ताफ द लावाल यांना दाखवलं. दुधातून साय वेगळी काढणारं यंत्र घडवणारे हेच ते द लावाल. त्यांनी या तरुणाला आधी रीतसर शिक्षण घेण्याचा सल्ला दिला. डालेनने तो मानला आणि १८९६ मध्ये तो गोथेनबर्गच्या चाल्मर्स संस्थेतून अभियंता होऊन बाहेर पडला.

त्या काळी दीपस्तंभांसाठी ॲसिटिलीन वायूचा वापर सुरू झाला होता. या वायूचा उजेड लखलखीत, पण तो साठवणं जिवावरचं काम. दाब वाढला किंवा धक्का बसला की स्फोट. डालेनने यावर सच्छिद्र भराव शोधला. सिलिंडर या भरावाने पूर्ण भरायचा, भरावाच्या छिद्रांत ॲसिटोन मुरवायचं आणि त्या ॲसिटोनमध्ये वायू विरघळवायचा. भरावात इतर पदार्थांबरोबर कीझलगूरही होती. ही सूक्ष्म पाणवनस्पतींच्या सांगाड्यांपासून बनलेली हलकी, भुसभुशीत माती. आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरीनला काबूत आणून डायनामाइट बनवलं तेही हीच माती वापरून. पुढे ती चुलीच्या गोष्टीतही येते.

साठवणीनंतर डालेन काटकसरीकडे वळला. दिवा अखंड जळत ठेवण्याऐवजी ठरावीक वेळाने क्षणभर उजळला, तर खलाशांना तो ओळखायला सोपा जातो आणि वायूही वाचतो. अशी झडप त्याने बनवली. मग १९०७ मध्ये आली सूर्यझडप. तिच्यात धातूचे चार दांडे होते, तीन चकचकीत आणि एक काळा. उजाडलं की काळा दांडा उष्णता शोषून इतरांपेक्षा जास्त लांबतो आणि वायूची वाट बंद करतो. अंधारलं की तो आखडतो आणि वाट पुन्हा मोकळी होते. माणसाचा हात न लागता दिवा संध्याकाळी लागायचा, सकाळी विझायचा. ओसाड बेटांवरचे दिवे महिनोन् महिने कुणी न फिरकताही चालू राहू लागले. ज्या कंपनीत डालेन हे काम करत होता तिचं नाव ‘स्वेन्स्का आक्तिएबोलागेत गासअक्युम्युलेटर’. आद्याक्षरांवरून तिला सगळे आगा म्हणत. १९०९ मध्ये तो तिचा प्रमुख झाला.

सप्टेंबर १९१२ मध्ये सिलिंडरांच्या सुरक्षेची चाचणी चालू असताना स्फोट झाला. डालेन वाचला, पण दोन्ही डोळे गेले. त्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्याला जाहीर झालं. ते स्वीकारायला त्याचा भाऊ आल्बिन गेला, आणि हा भाऊ नेत्रतज्ज्ञ होता. आंधळा झालेला डालेन कामाला परत लागला आणि १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत कंपनी चालवत राहिला.

चुलीची गोष्ट घरात सुरू झाली असं सांगितलं जातं. आता बराच वेळ घरी असणाऱ्या डालेनला पत्नी एल्माची दिवसभराची धावपळ जाणवू लागली: कोळसा घालणं, राख काढणं, आच वाढली म्हणून भांडं उतरवणं, पडली म्हणून पुन्हा निखारे फुलवणं. गोष्ट सांगणारे अपघात आणि चूल यांना अगदी लागून ठेवतात, प्रत्यक्षात मध्ये दहा वर्षं गेली. चूल तयार झाली १९२२ मध्ये. तिच्या रचनेत दीपस्तंभाचा विचार स्पष्ट दिसतो. ज्याकडे सतत लक्ष द्यावं लागतं असं काम झडपेवर सोपवायचं आणि इंधनाचा कण न् कण राखायचा, हा तो विचार.

त्या वेळच्या चुलीत मोठा जाळ करायचा आणि त्यातली बरीचशी उष्णता धुराड्यातून वा स्वयंपाकघरात उधळली जायची. डालेनने उलट केलं. त्याने लहानसा, बंदिस्त जाळ रात्रंदिवस चालू ठेवला आणि त्याची उष्णता बिडाच्या जाड भिंतींत व तव्यांत साठवली. आपल्या बिडाच्या तव्याचा अनुभव असलेल्यांना हे लगेच उमगेल: तापायला वेळ लागतो, पण एकदा तापला की गार पीठ पडूनही तो थंडावत नाही. साठलेली उष्णता निसटू नये म्हणून सगळ्या बाजूंनी कीझलगूरचा थर दिला, तव्यांवर उष्णतारोधक झाकणं बसवली. जाळाला किती हवा मिळावी हे थर्मोस्टॅट ठरवायचा. बाई झोपली तरी चूल स्वतःला सांभाळायची. सकाळी झाकण उघडलं की तवा तयार.

१९२९ मध्ये ती ब्रिटनमध्ये आली आणि काही वर्षांतच तिथेच बनू लागली. तिथल्या मोठ्या घरांतून तेव्हा लोखंडी ‘रेंज’ असत. त्या कोळसा गिळत, काजळी धरत आणि त्यांना काळी पॉलिश चोळून घासणं हे मोलकरणींचं हमखास काम असे. त्यांच्या शेजारी मलईच्या रंगाच्या इनॅमलची, फडक्याने पुसता येणारी आगा वेगळ्या युगातली वाटली असणार. पहिल्या महायुद्धानंतर नोकर मिळणं अवघड होत चाललं होतं, त्यामुळे कामाची बचत हीदेखील विकण्याजोगी गोष्ट झाली होती.

ती विकणाऱ्यांत डेव्हिड ओगिल्वी नावाचा तरुण होता. पुढे न्यूयॉर्कला जाऊन तो जाहिरातक्षेत्रातला मोठा माणूस झाला, पण त्याआधी त्याने पॅरिसच्या मॅजेस्टिक हॉटेलात आचारी म्हणून घाम गाळला होता. स्कॉटलंडमध्ये दारोदार आगा विकताना हा अनुभव कामी आला. तो घरोघरच्या स्वयंपाकिणींना या चुलीवर रांधायला शिकवायचा. १९३५ मध्ये कंपनीने इतर विक्रेत्यांसाठी त्याच्याकडून एक पुस्तिका लिहून घेतली. विक्रीकलेवरचं हे सर्वोत्तम लेखन, असा गौरव पुढे ‘फॉर्च्युन’ मासिकाने केला. त्या काळच्या आगाच्या प्रचारात एक मुद्दा ठळक असे: वर्षभरात ठरलेल्या मर्यादेबाहेर इंधन लागणार नाही, अशी कंपनीची हमी. रंग, डौल, प्रतिष्ठा हे नंतरचं. गिऱ्हाइकापुढे आधी इंधनाचा आकडा ठेवला जायचा.

दुसऱ्या महायुद्धात रुग्णालयं, कारखान्यांची कँटीन आणि सामुदायिक स्वयंपाकघरं यांच्याकडून मागणी वाढली. युद्धानंतर तिचे भाग कोलब्रुकडेलच्या ओतशाळेत ओतले जाऊ लागले. याच गावी १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड गाळलं होतं आणि औद्योगिक क्रांतीची एक वाट तिथून निघाली होती. ती ओतशाळा २०१७ मध्ये बंद झाली.

१९५६ मध्ये मलईरंगाच्या जोडीला फिकट निळा, फिकट हिरवा, राखाडी आणि पांढरा असे रंग आले. साठच्या दशकात कोकची जागा तेल व गॅस घेऊ लागले, पुढे विजेवरची आगाही निघाली. कोळसा घालणं आणि राख काढणं गेलं. त्याबरोबर, किती जळलं हे रोज डोळ्यांना दिसणंही गेलं. कोळशाची बादली रिकामी झालेली कळते, नळीतून येणाऱ्या गॅसचा हिशेब बिल येईपर्यंत कळत नाही.

इकडे घरंही बदलली. पूर्वी आगा म्हणजे स्वयंपाकाची चूल, घराची शेकोटी, कपडे वाळवण्याची जागा आणि अनेकदा गरम पाण्याचा बंब, सगळं एकात. घरोघरी सेंट्रल हीटिंग आल्यावर त्यातली बरीच कामं गेली, पण चूल आठवड्याचे १६८ तास तापलेलीच राहिली. दोन ओव्हनच्या गॅसवरच्या जुन्या पद्धतीच्या आगाला आठवड्याला सुमारे ४२५ किलोवॅट-तास इतकी ऊर्जा लागते. आपल्याकडच्या १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये साधारण १८० किलोवॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे आठवड्याला दोन सिलिंडर संपून तिसऱ्याला हात लागतो. चूल होती तशीच होती. तिची काटकसर ज्या रेंजच्या तुलनेत ठरली होती ती रेंज, आणि जी चार कामं ती एका जाळात करायची ती कामं, तेवढी तिच्या भोवतालची नाहीशी झाली.

२०११ मध्ये ब्रिटनमध्ये आगा बनवणाऱ्या कंपनीने प्रत्येक तवा आणि ओव्हन वेगळा चालू-बंद करता येईल अशी विजेवरची आगा बाजारात आणली. २०१५ मध्ये कंपनी अमेरिकेच्या मिडलबी समूहाकडे गेली. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये गॅस आणि विजेचे दर भडकले तेव्हा अनेकांनी वर्षानुवर्षं तापत असलेल्या चुली बंद केल्या. काहींनी त्यांत विजेची यंत्रणा बसवून घेतली. बिडाचा सांगाडा पिढ्यान् पिढ्या टिकतो, म्हणून जुनं धड ठेवून आतली यंत्रणा बदलण्याचं काम करणारे कारागीर तिथे आहेत आणि त्यांना कामही आहे.

स्वयंपाकघरासाठी लाखांच्या घरातलं उपकरण निवडणाऱ्याने या कुळकथेतून एक सवय उचलण्यासारखी आहे. दुकानात काच, पोलाद, रंग आणि नाव समोर मांडलेलं असतं. आपल्याकडे फ्रिज घेताना स्टार-लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली दिसतात, पण आयात केलेला मोठा कुकिंग रेंज किंवा भिंतीत बसवायचा ओव्हन घेताना हा आकडा बहुधा गिऱ्हाइकालाच विचारावा लागतो. आपल्या घरात तो आठवड्याला किती तास चालेल, तेवढ्या वेळात किती ऊर्जा घेईल, नुसता तयारीत उभा असताना किती घेईल, दहा वर्षांनी कोणता भाग बदलता येईल, हे सगळं विक्रेत्याकडून लिहून घ्यावं. १९३०च्या दशकात आगा विकणारे इंधनाची हमी आपण होऊन देत होते.