कोमेनियसचे चित्रमय पाठ्यपुस्तक

इ. स. १६५८ मध्ये न्यूरेम्बर्ग येथे कोमेनियस यांचे ‘ऑर्बिस पिक्टस’ प्रसिद्ध झाले. लॅटिन म्हणजे घोकंपट्टी आणि छडी, असा तो काळ. या पुस्तकात मात्र मुळाक्षरे कावळा व कोकरू यांच्या आवाजांनी सुरू होतात; पुढे लोहार, पाववाला, ग्रहणे यांची चित्रे, सोबत लॅटिन आणि जर्मन मजकूर. कोमेनियस प्रॉटेस्टंट बिशप. १६२८ साली कॅथलिक सम्राटाच्या धोरणामुळेच त्यांना मायभूमी सोडावी लागली, हे आपण विसरू नये.

त्यांची प्रस्तावना मला चित्रांहून मोलाची वाटते. रंग आणि चव शाईने दाखविता येत नाहीत. तेथे प्रत्यक्ष वस्तूच मुलांपुढे ठेवावी, आणि घरी सहसा न आढळणाऱ्या वस्तू प्रत्येक मोठ्या शाळेने जपून ठेवाव्यात, अशी त्यांची इच्छा होती. मुलांना चित्रे स्वहस्ते काढू द्यावीत, असेही ते सुचवितात.