तेलाचा ताप

करंज्या तळायला घेतल्या की घरातली जाणती बाई कढईत पिठाची बारीकशी गोळी टाकून पाहते. गोळी तळाशी बसून राहिली तर तेल अजून निवलेले. टाकताक्षणी लाल होऊन वर आली तर फार तापलेले. कढई उघडी असते म्हणून ही युक्ती चालते. मोटारीच्या इंजिनातले तेल मात्र लोखंडाच्या बंद पेटीत फिरत असते. ते किती तापले आहे, हे चालवणाऱ्याने ओळखावे कसे? प्रश्न साधा, पण त्याच्यापायी लोकांनी कोर्टाच्या पायऱ्यासुद्धा झिजवल्या आहेत.

आरंभी ताप पाहिला जाई तो पाण्याचा. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत ‘बॉइस मोटोमीटर’ नावाचा तापमापक निघाला. तो रेडिएटरच्या झाकणावरच, बॉनेटच्या पुढल्या टोकाला उभा असे, आणि त्यातली लाल रेघ चालकाला काचेतून दिसे. रेघ वर चढली की गाडी थांबवायची आणि निवू द्यायची. इंजिनाची नाडी अशी भर रस्त्यात, सर्वांच्या डोळ्यांदेखत वर आलेली असे.

पुढे ही नाडी आत, डॅशबोर्डावर आली. त्यामागचे तत्त्व जुनेच होते. पॅरिसच्या यूजेन बूर्दाँ यांनी १८४९ साली दाब मोजण्यासाठी एक वाकडी, चपटी नळी शोधून काढली होती. आत दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते, आणि तेवढ्या हालचालीने काटा फिरतो. आता इंजिनात एक लहानसा फुगा बसवला, त्यात चटकन वाफ होणारे द्रव भरले आणि केसासारख्या बारीक तांब्याच्या नळीने तो बूर्दाँच्या नळीला जोडला, की ताप वाढताच वाफेचा दाब वाढतो आणि दाबाबरोबर काटा हलतो. ना वीज, ना बॅटरी! पुढे विजेची मापके आली. त्यांत तापाबरोबर विजेला होणारा अडथळा बदलतो आणि काटा त्या बदलावर चालतो.

इथवरचा इतिहास हुशारीचा. पुढचा काटकसरीचा आहे. १९३० नंतरच्या दशकात हडसन कंपनीने काट्यांच्या जागी तांबडे दिवे बसवले, आणि पुढे इतरांनीही तोच कित्ता गिरवला. दिवा स्वस्त पडतो. पण तो लागतो तेव्हा बहुधा व्हायचे ते होऊन गेलेले असते. अमेरिकन चालकांनी त्याला ‘मूर्खांचा दिवा’ असे नाव ठेवले. कालांतराने काटे परत आले खरे. पण पुष्कळ गाड्यांत ते मुद्दाम मंद केलेले होते. ताप थोडा वरखाली झाला तरी काटा मधोमध स्थिर! कारण काटा जरा हलला की गिऱ्हाईक तक्रार घेऊन दारात उभे राही. तपासणीच्या दिवशी प्रत्येक इयत्तेपुढे ‘समाधानकारक’ लिहून मोकळे होणारे मुख्याध्यापक आम्ही पाहिले आहेत. हा काटा त्यांच्याच जातीचा.

या काट्याने खरे घात केले ते डिझेलच्या पिकअप गाड्यांत. पिकअप म्हणजे मागे उघडा हौदा असलेली अमेरिकन शेतकऱ्याची कामाची गाडी. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गला यशस्वी ठरले; पण ते अमेरिकन पिकअपमध्ये रुळले १९८० नंतर. १९८९ मध्ये डॉज कंपनीने कमिन्सचे इंजिन घेतले. याच कमिन्सने १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात कारखाना काढला होता, म्हणून हे नाव आपल्याकडे परके नाही.

अशा गाडीला मागे घोड्यांचा गाडा जोडून घाट चढू लागावे. थर्मोस्टॅट पाण्याचा ताप सांभाळतो, त्यामुळे पाण्याचा काटा जागचा हलत नाही. तेलाला मात्र उसंत नसते. पिस्टनच्या पोटाखालची आणि टर्बोच्या बेअरिंगमधली आग तेच वाहून आणते. साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअस हा त्याचा सुखाचा ताप. १३० च्या पुढे ते भराभर जुने होऊ लागते आणि पातळ पडते. उलट ते नेहमीच कोमट राहिले तर त्यात शिरलेला ओलावा उडून जात नाही, तेही वाईटच.

२००३ साली फोर्ड कंपनीच्या मोठ्या पिकअपमध्ये इंटरनॅशनलने बनवलेले सहा लिटरचे नवे डिझेल इंजिन आले. त्यात तेलाचाच उच्च दाब वापरून डिझेलची फवारणी होई. तेल निववणारा कूलर इंजिनाच्या दोन पाखांमधल्या खोबणीत बसवला होता. त्याच्या बारीक वाटांतून कुलंट जाई आणि तेच पुढे धुराचा कूलर निववी. ओतकामात राहिलेली वाळू आणि कुलंटमधला गाळ साचून त्या वाटा बुजत. मग तेल तापे, धुराचा कूलर फुटे आणि शेवटी हेडचे गॅस्केट जाई. दुरुस्तीला हजारो डॉलर पडत. डॅशबोर्डावरचा काटा मात्र मधोमध, शांत!

आणि मौज पहा. त्या इंजिनात तेलाचा ताप मोजणारा सेन्सर कंपनीनेच बसवलेला होता. गाडीच्या संगणकाला तो आकडा क्षणोक्षणी ठाऊक असे. ठाऊक नसे ते मालकाला! फोर्ड आणि इंजिन बनवणारे यांच्यात २००७ मध्ये कोर्टबाजी सुरू झाली आणि २००९ मध्ये ती मिटली. मालक मात्र कोर्टाची वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटला बाजारातले छोटे मापक जोडले आणि दडवलेला आकडा डोळ्यांसमोर आणला. त्यांनी नियमही बांधला : सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना तेलाचा ताप पाण्यापेक्षा १५ अंश फॅरनहाइटहून, म्हणजे सुमारे ८ अंश सेल्सिअसहून, जास्त वर जाऊ नये. गेला तर कूलर बुजू लागला असे समजावे.

जुन्या गाड्यांत संगणकाची ही सोय नाही. तिथे मिस्त्री तेलाच्या चेंबरला किंवा फिल्टरजवळच्या वाटेला सेन्सर आटवतो. जागा कोणती, हे ध्यानात ठेवावे लागते. चेंबरमधला आकडा आणि कूलरमधून निवून आलेल्या तेलाचा आकडा एक नसतो. एकाच तारेचा सेन्सर असला तर त्याचे अर्थिंग आट्यांतूनच होते. गळती नको म्हणून त्यावर टेफ्लॉनची पट्टी भरमसाट गुंडाळली तर काटा खोटे बोलू लागतो. तबकडी काचेच्या कडेच्या खांबावर, नजरेच्या टप्प्यात बसवतात. मग घाटात पाण्याचा काटा निवांत असताना तेलाचा चढू लागला, की चालवणारा गीअर एक खाली घेतो, वेग उतरवतो आणि मागून येणाऱ्यांना खुशाल पुढे जाऊ देतो.