साल, पान आणि भाजलेली कातडी

जखमेवरच्या जैवपदार्थांचा इतिहास सांगणारे बहुधा बोस्टनपासून सुरुवात करतात. १९८१ साली तिथे जॉन बर्क आणि आयोनिस यानास यांनी गाईचं कोलॅजन व शार्कच्या कूर्चेतलं एक द्रव्य यांचा सच्छिद्र थर केला, त्यावर सिलिकोनचा पापुद्रा चढवला आणि गंभीर भाजलेल्या दहा रुग्णांवर तो वापरला. हा टप्पा मोठाच. पण त्याच दशकात मुंबईत, परळच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयात, डॉ. मनोहर केसवानी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांवर बांधत होते. त्यांचा पहिला अहवाल १९८५चा. ही पट्टीही त्याच इतिहासाचा भाग आहे, असं माझं ठाम मत आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो ‘हा तर आजीबाईचा बटवा’ असा. तो टिकत नाही. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की पॉलिथिनखाली ओलसर राहिलेली जखम उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने नव्या त्वचेने झाकली जाते. साध्या गॉजचं दुखणं नेमकं इथेच आहे: जखम सुकते, गॉज तिला चिकटतं आणि सोडवताना नुकती धरलेली कोवळी कातडी घेऊनच निघतं. लहान मुलाच्या बाबतीत ही वेदना रोजची, म्हणून तर ती इतकी जिव्हारी लागते. बटाट्याच्या सालीत बुचासारखा थर असतो. कंदातलं पाणी उडू नये म्हणून निसर्गाने घातलेला. तोच थर जखमेचाही ओलावा राखतो. साली गॉजवर चिकटवून, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करूनच वापरल्या जात. घरची कच्ची साल लावणं हा निव्वळ धोका आहे. शिवाय केसवानींच्या चमूने गॉजशी तुलना केली, पेशींचे नमुने तपासले, जंतूंची वाढ पाहिली. सालीखालीही जंतू सापडले, तेही त्यांनी नोंदवलं. साल जंतू मारत नव्हती. वरच्या थरातल्या जिवंत पेशी सुकू देत नव्हती.

पुढे २००३ साली मुंबईच्याच गोरे आणि अकोलेकर यांनी अर्धवट खोलीच्या भाजण्यावर केळीचं पान आणि बटाट्याची साल यांची तुलना प्रसिद्ध केली. जखमा दोन्हींखाली सारख्याच भरल्या, पण पान तयार करायला सोपं आणि कितीतरी स्वस्त पडलं. पानगी केळीच्या पानावरून अलगद का सुटते, हे ज्या घरांना ठाऊक आहे त्यांना त्या मेणचट पृष्ठभागाचं मोल वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संपूर्ण जाडीची त्वचा जळाली तर साल किंवा पान नवं अंतस्त्वचेचं ऊतक उभारू शकत नाही. बोस्टनच्या थराचा सांगाडा ते करतो. हे मान्यच. पण वरवरच्या भाजण्यात त्वचा स्वतःच परत येते, तिला फक्त आसरा लागतो, आणि तो आसरा परळमध्ये भाजीच्या टोपलीतून मिळाला होता.