पंडिताबाईंचें कृपासदन



दुसऱ्याच्या आचरणाचा निवाडा करणें हा आपल्याकडील फार जुना आणि बिनखर्ची उद्योग आहे. माझ्या अवसरी खुर्द गांवीं तो देवळाच्या पारावर चालतो. आपणां नगरवासीयांच्या घरीं तो दिवाणखान्यांत चालतो. स्थळ बदलतें, निवाडा मात्र बहुधा एकच असतो. नवऱ्यानें टाकलेली मुलगी माहेरीं परतली, तर ती जेवली आहे काय हें विचारण्यापूर्वीं तिच्या हातून काय घडलें हें विचारलें जातें. आम्हां शाळामास्तरांना तर ही खोड विशेषच जडलेली असते. कारण गुण कापण्याचा अधिकार आम्हांला पेशानेंच बहाल केलेला असतो.

आमच्याच पुणें जिल्ह्यांत, पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, केडगांव नांवाचें स्टेशन आहे. तेथें पंडिता रमाबाईंनीं वसविलेली ‘मुक्ति’ ही संस्था आहे. रमाबाई ख्रिस्ती कां झाल्या, हा प्रश्न महाराष्ट्रानें शंभर वर्षांहून अधिक काळ चघळला आहे. ख्रिस्ती होऊन त्यांनीं रोज सकाळीं उठून काय केलें, हा प्रश्न त्या मानानें फार थोड्यांनीं विचारला. आज मी त्या दुसऱ्या प्रश्नाकडे आपलें लक्ष वेधणार आहें.

रमाबाईंचा जन्म सन १८५८ मधला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न, परंतु बायकोला व मुलींना संस्कृत शिकविण्याचा त्यांचा हट्ट. या एका अपराधाबद्दल त्यांना शास्त्र्यांपुढें जाब द्यावा लागला होता. सर्व कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणें सांगत देशभर पायीं हिंडलें. पुढें दुष्काळ आला, गांठचें सर्व संपलें, आणि थोड्याच काळांत वडील, आई व थोरली बहीण यांना मृत्यूनें ओढून नेलें. राहिलीं तीं रमाबाई आणि बंधु श्रीनिवास. भुकेनें जीव कासावीस होणें म्हणजे काय हें या विदुषीला ग्रंथांतून शिकावें लागलें नव्हतें, हें ध्यानांत ठेवावें. पुढच्या साऱ्या कार्याचें बीज तेथें आहे.

सन १८७८ मध्यें कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनीं गौरविलें. दोनच वर्षांनीं बंधु वारले आणि रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशीं विवाह केला. ज्या समाजानें सभांतून त्यांच्यावर स्तुतीचा वर्षाव केला होता, त्यानेंच आतां त्यांच्यावर बहिष्काराचा निवाडा दिला. सन १८८२ मध्यें पटकीनें मेधावींचा अंत झाला. पदरीं मनोरमा नांवाची तान्ही मुलगी, आणि बाईंचें वय तेवीस! त्यांच्या विद्वत्तेला विचारणारे पुष्कळ होते. त्या विधवेचें पुढें काय, हें विचारणारे मोजके.

सन १८८३ मध्यें त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीमंडळाच्या आश्रयास राहिल्या. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. या धर्मांतराचीं कारणें शोधणाऱ्यांनीं तत्त्वज्ञानाचीं बाडें उलथलीं आहेत. सन १९०७ च्या सुमारास लिहिलेल्या आत्मनिवेदनांत मात्र बाई एक अगदीं साधा प्रसंग सांगतात. त्या भगिनींनीं त्यांना लंडनमधील फुलहॅम येथें नेलें. तेथें समाजानें ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांसाठीं एक आश्रयस्थान होतें. त्या स्त्रियांशीं भगिनी प्रेमानें वागत होत्या, आणि तेथून बाहेर पडलेल्या कित्येकजणी स्वतःच इतरांच्या सेवेला लागल्या होत्या. अशा बाईसाठीं कांहीं करावयाचें असतें ही कल्पनाच रमाबाईंना नवी होती. धर्मशास्त्रें त्यांना मुखोद्गत होतीं. त्यांत अशा स्त्रीसाठीं प्रायश्चित्तें होतीं, दंड होते, परंतु घर नव्हतें.

हें तुम्ही कां करतां, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यांत आली. पुढें त्यांनीं योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांत ती स्वतः वाचली. ही कथा आपल्याकडील कोणत्याहि खेडुताला टीपेवांचून समजेल. भर दुपारीं एक बाई विहिरीवर येते. तिला पांच नवरे होऊन गेलेले, सध्यां ज्याच्या घरीं राहते तो नवरा नव्हे. शिवाय तिची जात अशी, कीं यहुदी लोक तिच्याशीं कसलाहि व्यवहार ठेवीत नसत. त्या विहिरीच्या कांठीं बसलेला येशू तिच्याजवळ प्यावयास पाणी मागतो. उपदेश मागाहून, आधीं पाणी. कोणी कोणाच्या हातचें पाणी प्यावें यावरून ज्या देशांत विहिरी वाटल्या गेल्या होत्या, त्या देशांतून आलेल्या ब्राह्मणकन्येच्या काळजाला ही गोष्ट किती झोंबली असेल याची आपण कल्पना करावी.

तथापि ख्रिस्ती मंडळी निवाडे करीत नाहींत असें समजण्याचें कारण नाहीं. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयांत बाई असतां त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवूं नये असा आग्रह बिशपांनीं धरला. सिस्टर जेराल्डाईन यांना त्यांच्या स्वतंत्र बुद्धींत अहंकार दिसला. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर रमाबाई त्यांच्याशीं पत्रांतून कडाडून भांडल्या आणि मांसाहाराला त्यांनीं शेवटपर्यंत शिवलें नाहीं. त्यांनीं पाद्र्यांचें सारेंच स्वीकारलें नाहीं. फुलहॅमचें स्वीकारलें.

अमेरिकेंतील सहाय्यकांच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस त्यांनीं शारदासदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आणलें. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. सदनांत धर्माची सक्ती नव्हती, परंतु आपल्या प्रार्थनेच्या खोलीचें दार लावून घेण्यास बाई तयार नव्हत्या, आणि मुली आपण होऊन आंत येऊन बसूं लागल्या. सन १८९३ मध्यें यावरून पुण्यांत वादळ उठलें. ‘केसरी’नें तोफ डागली, न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, पालकांनीं कित्येक मुली काढून नेल्या. रानडे-भांडारकरांना मी दोष देणार नाहीं. पालकांच्या विश्वासाचा प्रश्न होता, आणि तो खरा होता. माझा सवाल निराळा आहे. ज्या मुली काढून नेल्या, त्यांच्यासाठीं निवाडा देणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं आपलें दार उघडलें?

एकानें उघडलें. त्याच वर्षीं धोंडो केशव कर्वे यांनीं गोदूबाईशीं पुनर्विवाह केला, आणि मुरुडच्या लोकांनीं त्यांना लगेच वाळींत टाकलें. सन १८९६ मध्यें अण्णासाहेबांनीं विधवांसाठीं जें आश्रयस्थान काढलें, पुढें ज्याचें हिंगण्याला नांव झालें, त्याच्या मुळाशीं शारदासदनांत शिकलेली ती एक विधवा होती. एका धर्मांतील करुणेनें दुसऱ्या धर्मांतील करुणेला कसें जागें केलें याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाहीं. दोन्हीकडील अभिमानी मंडळींना तो आवडत नाहीं, ही गोष्ट वेगळी.

सन १८९६-९७ चा दुष्काळ मध्यप्रांतावर कोसळला, तेव्हां बाई तेथें स्वतः गेल्या. बाल्यांतील ती भूक पुन्हां डोळ्यांपुढें उभी राहिली. दुष्काळांत मुली केवळ उपाशी मरत नसत. त्यांना विकणारे व विकत घेणारे फिरत असत. बाईंनीं सुमारें तीनशें मुली व स्त्रिया गोळा करून आणल्या. इकडे पुण्यांत प्लेग. इतक्या मुली शहरांत ठेवूं नयेत असा अधिकाऱ्यांचा हुकूम. तेव्हां केडगांवला पूर्वींच फळबागेसाठीं घेऊन ठेवलेल्या माळावर त्यांना तंबूंत आणि झोंपड्यांत नेण्यांत आलें. सन १८९८ मध्यें तेथें मुक्तिसदन उभें राहिलें. लवकरच गुजराथेंत दुष्काळ पडला आणि सन १९०० मध्यें तेथील वस्ती दीड हजारांवर गेली.

दीड हजार माणसें! रोज इतकें धान्य निवडणें, दळणें, रांधणें. इतक्या जणींच्या केसांतल्या उवा काढणें, खरूज धुणें, रात्रीं दचकून उठणाऱ्यांना थोपटणें. विहिरी खणल्या गेल्या, माग बसले, तेलघाणा फिरूं लागला, छापखाना चालूं झाला. अंध मुलींना बोटांनीं वाचावयास शिकवण्यांत येऊं लागलें. आणि या सर्वांत एक निराळें घर होतें, त्याचें नांव कृपासदन. जग ज्यांना पतित म्हणे त्या स्त्रियांसाठीं तें होतें. केडगांवच्या उघड्या माळावर बाईंनीं फुलहॅम उभारलें तें असें. प्रारंभीं केवळ आसरा मागावयास आलेल्या कित्येकजणी कालांतरानें नव्या आलेल्यांची काळजी घेणाऱ्या झाल्या; एवढ्या मोठ्या वस्तीचा गाडा पगारी नोकरांवर चालणें शक्यच नव्हतें.

केडगांवविषयीं आक्षेप आहेत, आणि ते लपविण्यांत अर्थ नाहीं. उपाशी मुलीला अन्नाबरोबर धर्महि मिळाला, हें कित्येकांना रुचलें नाहीं. अन्न देणाऱ्याच्या हातीं केवढी सत्ता असते हें ज्याला समजतें, तो हा आक्षेप हंसण्यावारी नेणार नाहीं. स्वतः बाईंनींहि हिंदु धर्मावर लिहितांना निवाडा राखून ठेवला नाहीं. त्यांची लेखणी कठोर होती, कधीं कधीं एकांगीहि. लेखणीनें त्यांनीं पुष्कळांचा न्याय केला. परंतु दाराशीं आलेल्या बाईला, तूं कोण आणि तुझ्या हातून काय घडलें, ही अट त्यांनीं घातली नाहीं. माझ्या मतें त्यांचा ख्रिस्ती धर्म ग्रंथांहून या उंबरठ्यावर अधिक स्पष्ट दिसतो.

आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यांनीं एक काम अंगावर घेतलें. बायबलाचें प्रचलित मराठी भाषांतर आपल्या मुक्तीच्या अशिक्षित बायकांना समजत नाहीं, असें पाहून त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सोप्या मराठींत नवें भाषांतर करावयास घेतलें. रोज थोडें थोडें, कित्येक वर्षें. कानांनीं त्यांना दगा दिला होता. जुलै १९२१ मध्यें मनोरमा गेली. ज्या मुलीच्या हातीं मुक्ति सोंपवावयाची होती तीच आधीं गेली. काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या, तेव्हां भाषांतर पुरें झालें होतें. तें सन १९२४ मध्यें मुक्तीच्याच छापखान्यांत छापून निघालें, आणि तेथील कामाला मुक्तींत वाढलेल्या स्त्रियांचेच हात लागले होते.