दाढ आणि डोळा



काही महिन्यांपूर्वी आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक जण पदराने गाल झाकून आली. हप्ता भरला, सही केली, पण तोंड काही उघडेना. खालची शेवटची दाढ पंधरा दिवस ठणकत होती. लवंग ठेवून झाली होती, आणि मिश्री दिवसातून चार वेळा चालूच होती. “दवाखान्यात जा की,” असं मी म्हणाले, तर कोपऱ्यातल्या आजीच बोलल्या, “दाढ काढली की नजर जाते. माझ्या नणंदेची गेली.” झालं, सगळ्या गप्प.

मला आजींना हसावंसं वाटलं नाही. ही भीती फार जुनी आहे आणि ती अडाणीपणातून आलेली नाही. आपल्या देशातल्या थोर शस्त्रवैद्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथातच ती लिहिलेली आहे.

सुश्रुतसंहिता सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची मानतात. तिच्यात तोंडाच्या रोगांचं मोठं प्रकरण आहे. दाताच्या मुळाशी पू वाहत असेल तर तो दात मुळासकट काढावा, नाहीतर पुवाची वाट जबड्याच्या हाडात शिरते, असं तिथे सांगितलं आहे. आजचा डॉक्टरही हेच सांगेल. पण लगेच पुढे इशारा आहे. वरचा घट्ट दात काढला तर रक्त फार जातं, माणूस काणा होतो, तोंड वाकडं होतं, म्हणून वरचा दात हलत असला तरी वैद्याने काढू नये. आता आजींची नणंद आठवा.

हे कशावरून लिहिलं असेल? वरच्या दाढांची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीजवळ असतात आणि त्या पोकळीच्या वरच डोळ्याची खोबण. दाढेतला पू वर चढला तर डोळा सुजतो, क्वचित नजरही जाते. हे आजही होऊ शकतं. माझ्या मते त्या वैद्यांनी असे रोगी डोळ्यांनी पाहिले असावेत. दात काढला आणि पुढे डोळा गेला, एवढं त्यांना दिसलं. जंतू ही गोष्टच कुणाला ठाऊक नव्हती, त्यामुळे दोष पुवाचा आणि अस्वच्छ हत्याराचा, हे कळायला मार्ग नव्हता. राहिली नसेची गोष्ट. दातांची कळ नेणाऱ्या नसेला तीन फांद्या आहेत. एक कपाळाकडे नि डोळ्याभोवती जाते, एक वरच्या जबड्यात, एक खालच्या. म्हणून दाढ ठणकली की डोळ्यामागेही कळ जाते. पण आपल्याला दिसतं ते वेगळ्याच नसेमुळे, आणि तिचा दाढेशी संबंध नाही.

भीती एकट्या आपल्या देशात होती असंही नाही. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ 1578 च्या हिवाळ्यात दातदुखीने रात्र-रात्र जागी होती, पण दात काढू देईना. तेव्हा लंडनचे म्हातारे बिशप, म्हणजे मोठे धर्मगुरू, जॉन आयल्मर पुढे झाले. फार दुखत नाही हे दाखवायला त्यांनी राणीदेखत आपलाच एक दात काढून घेतला, तोही तोंडात मोजकेच उरले असताना! मग राणी तयार झाली.

राणीला भ्यायला कारण होतं. युरोपात दात काढायचं काम न्हावी करीत, नाहीतर जत्रेत फिरणारी माणसं. अठराव्या शतकात दाराच्या किल्लीसारखं एक हत्यार निघालं. त्याचा आकडा दाढेत अडकवायचा आणि कुलूप उघडल्यासारखा पिळा द्यायचा. दाढ कधी सबंध यायची, कधी मोडायची, तर कधी जबड्याचा टवका घेऊन यायची. आणि हे सगळं रोगी पूर्ण शुद्धीवर असताना.

‘दाताला कीड लागली’ असं आपण अजून म्हणतो, ती समजूतही अशीच जगभरची. इराकमध्ये, जुन्या बाबिलोनच्या मुलखात, दात पोखरणाऱ्या किड्यावरचा मंत्र मातीच्या पाटीवर कोरलेला सापडला आहे. फ्रान्सच्या पियेर फोशार यांनी 1728 मध्ये दातांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी सांगून टाकलं की भिंगाखाली पाहूनही असा किडा काही दिसत नाही. पुढे 1890 मध्ये बर्लिनमध्ये काम करणारे डॉ. मिलर यांनी उलगडा केला. दातात अडकलेल्या अन्नावर तोंडातले जंतू पोसतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि तेच दात खातं.

वेदना कशी थांबली, ती गोष्ट मात्र मला सविस्तर सांगायची आहे. अमेरिकेत हार्टफर्ड गावात होरेस वेल्स नावाचा दातांचा डॉक्टर होता. 10 डिसेंबर 1844 ला तो बायकोला, एलिझाबेथला, घेऊन एक खेळ बघायला गेला. खेळ कसला, तर लोकांना हसवणारा वायू हुंगवायचा आणि त्यांचं नाचणं-बरळणं बघायचं. त्यात एका तरुणाच्या पायाला चांगलंच लागलं, रक्त आलं, पण त्याला पत्ताच नाही. बाकीचे हसत होते, वेल्स विचारात पडला. दुसऱ्याच दिवशी त्याने तो वायू स्वतः हुंगला आणि दुसऱ्या डॉक्टरकडून आपली दाढ काढून घेतली. दुखलं नाही! पुढच्याच महिन्यात तो बोस्टनला मोठ्या डॉक्टरांसमोर प्रयोग करायला गेला. वायू कमी पडला असावा. रोगी ओरडला आणि सगळ्यांनी वेल्सची थट्टा केली. पुढे 1846 मध्ये त्याचाच जुना भागीदार मॉर्टन याने ईथर देऊन आधी दात काढला, मग बोस्टनच्याच इस्पितळात ईथर देऊन मानेची गाठ काढून दाखवली. भुलीचं श्रेय कुणाचं, यावर भांडण लागलं. वेल्स खचत गेला आणि 1848 मध्ये, तेहतीस वर्षांचा असताना, न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने जीव दिला. अमेरिकेच्या दंतवैद्यांच्या संघाने त्याला मान दिला तो 1864 मध्ये. सिझेरियनच्या वेळी, नसबंदीच्या वेळी आपल्याला भूल मिळते, तिच्या वाटेवर ही एक दाढ आहे.

आता पूर्ण बेशुद्ध करायची गरज सहसा पडत नाही. तेवढाच जबडा बधिर करणारं लिग्नोकेन 1948 पासून बाजारात आलं.

बायकांनी हे काम करावं, हेही लोकांना पटायला वेळ लागला. अमेरिकेतल्या एमलिन जोन्स यांचा नवरा दंतवैद्य. बायकांची नाजूक बोटं या कामाची नाहीत, असं त्याचं मत. एमलिन यांनी काढून टाकलेले दात गुपचूप गोळा केले, शेकडो दात भरून सराव केला आणि मग ते त्याच्यापुढे ठेवले. 1855 पासून त्या त्याच्या बरोबरीने काम करू लागल्या. नवरा वारल्यावर मुलांना त्यांनी याच कामावर वाढवलं. आपल्याकडे डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये कलकत्त्याला दंतवैद्यकाचं पहिलं कॉलेज काढलं. तिथे शिकलेल्या फातिमा जिना यांनी 1923 मध्ये मुंबईत स्वतःचा दवाखाना उघडला. होय, त्याच, बॅरिस्टर जिनांच्या बहीण.

आमच्या मैत्रिणीची दाढ होती अक्कलदाढ. ती साधारण सतरा ते पंचवीस या वयात येते. जबड्यात जागा उरलेली नसते, मग ती तिरपी होते नाहीतर आडवीच पडून राहते. हिरडीच्या घडीत घास अडकतो, सूज येते, तोंड उघडत नाही. सुश्रुतसंहितेत ‘वर्धन’ नावाचा आजार आहे. जास्तीचा दात येताना भयंकर कळा, आणि तो आला की कळ थांबते. ही अक्कलदाढच असावी असं बरेच जण मानतात. पण आत आडवी पडलेली दाढ जुन्या वैद्याला दिसणार कशी? ती एक्स-रेने दिसू लागली. 1895 च्या डिसेंबरात राँटगेन यांनी बायकोच्या हाताचं चित्र काढलं, आणि महिन्याभरातच जर्मनीतल्या वाल्कहॉफ यांनी पंचवीस मिनिटं हलता न येता आपल्याच दातांचं. आता काही सेकंदही लागत नाहीत. प्रत्येक अक्कलदाढ काढावी लागते असं मात्र नाही. त्रास नसेल तर उगाच काढू नका, असं ब्रिटनच्या आरोग्य संस्थेने 2000 मध्येच सांगितलं आहे.

हिची आडवी होती. आधी गोळ्यांनी सूज उतरवली. मग डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं, हिरडी थोडी कापली, दाढेचे दोन तुकडे करून काढले, टाके घातले आणि बोळा दाबून धरायला सांगितला. तासाभरात घरी. मिश्री बंद, हे मात्र दोनदा बजावलं. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच जखम भरते. तंबाखूने ती सुटली तर हाड उघडं पडतं आणि ठणका आधीपेक्षा वाईट. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तोंडाच्या कॅन्सरची वाटही तीच. महिना झाला, तिने अजून डबी उघडलेली नाही.

आजींची वरची एक दाढ हलते आहे. त्यांना साखरेचा आजार आहे, म्हणून आधी रक्त तपासायचं, मग तारीख मिळणार. मंगळवारी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.