बांधावरील शत्रू

मोठ्या शिकारीचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. वाघ, सिंह, हत्ती यांच्या पाठीमागें राजे लागले आणि राजांच्या पाठीमागें बखरकार. त्यामुळें त्या कथांना कधीं वाण पडली नाहीं. शेताच्या बांधावर जी लहान शिकार चालते, तिच्याकडे मात्र इतिहासकाराचें लक्ष क्वचितच जातें. वस्तुतः मनुष्य आपल्या भूमीशीं कसा वागला हें समजून घेण्यास ही लहान शिकार अधिक उपयोगी पडते, असें आमचें मत आहे. उत्तर अमेरिकेंतील वुडचक नांवाच्या प्राण्याची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद वाटल्यावरून ती आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

लडाखकडे जाऊन आलेल्या प्रवाशांनीं बिळाच्या तोंडाशीं ऊन खात बसलेला मार्मोट पाहिला असेल. वुडचक हा त्याचाच चुलतभाऊ. खारीच्या कुळांतला, आंखूड पायांचा, करड्या-तपकिरी केसांचा हा गुबगुबीत प्राणी वजनानें साधारण दोनपासून सहा किलोपर्यंत भरतो. त्याला ग्राउंडहॉग, म्हणजे ‘भूमींतलें डुक्कर’, असेंही म्हणतात. पण डुकराशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. वुडचक या नांवांत इंग्रजी जाणणारास लांकूड दिसतें, तेंही फसवें आहे. तेथील मूळ रहिवाशांच्या आल्गॉन्किन भाषांतील एक शब्द इंग्रजांच्या तोंडीं बिघडून हें रूप झालें आहे.

हा प्राणी केवळ शाकाहारी. क्लोव्हर, लसूणघास, घेवडा, सोयाबीन, भाजीपाला, जें कोवळें असेल तें त्याला चालतें. उन्हाळाभर खाऊन तो अंगावर चरबी चढवितो आणि शरद् ऋतु सरतां सरतां बिळांत शिरून दीर्घ निद्रा घेतो. त्या निद्रेंत त्याचें शरीर जवळजवळ भोंवतालच्या मातीइतकें थंड होतें आणि हृदयाचे ठोके मिनिटास अवघे कांहीं उरतात. त्याच्या बिळाला एकाहून अधिक तोंडें असतात. मुख्य तोंडापाशीं उपसलेल्या मातीचा ढीग असतो. पण दुसरें एखादें तोंड आंतूनच खणून काढलेलें असल्यामुळें तेथें मातीची खूण राहत नाहीं. संकटकाळीं पळून जाण्याची ही चोरवाट शेतकऱ्याला मात्र महाग पडते. गवतांत न दिसणाऱ्या अशा भोंकांत घोड्याचा पाय गेला तर तो मोडे, आणि ज्या काळीं नांगरणी व कापणी घोड्यांवर चाले त्या काळीं घोडा मोडणें म्हणजे हंगाम बुडणें होय. पुढें ट्रॅक्टर आला, तरी चाक खचण्याची भीति राहिलीच.

आतां प्रश्न असा कीं, हा शत्रु शेतांत आला कोठून? दाट अरण्य वुडचकाला मानवत नाहीं. त्याला झाडांची कड आणि तिला लागून मोकळें कुरण हवें. सतराव्या शतकापासून युरोपीय वसाहतवाल्यांनीं पूर्व किनाऱ्यावरील जंगलें तोडलीं, दगड वेंचून गडगे घातले, कुरणें राखलीं, क्लोव्हर पेरलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण न्यू इंग्लंडांतील निम्म्याहून अधिक अरण्य नाहींसें झालें होतें. लांडग्यासारखे श्वापदही मनुष्यानें तेथून हुसकून लावलें. अशा रीतीनें वुडचकासाठीं घर बांधून, ताट वाढून, दारावरचा पहारेकरीही काढून घेतल्यावर त्याची प्रजा वाढली यांत नवल काय? ज्याला शेतकरी वैरी म्हणे, तो त्याच्याच कुऱ्हाडीनें आणि नांगरानें पोसलेला होता.

या वैराचा सर्वांत प्रामाणिक जबाब थोरो या ग्रंथकारानें दिला आहे. सविनय कायदेभंगावरील निबंधामुळें आणि गांधीजींना त्याविषयीं वाटणाऱ्या आदरामुळें तो आपल्याकडे परिचित आहे. १८४५ सालीं वॉल्डन तळ्याकांठीं राहावयास गेल्यावर त्यानें सुमारें अडीच एकर जमिनींत घेवडा लावला. त्यांतला पाव एकर वुडचकांनीं फस्त केला. १८५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘वॉल्डन’ ग्रंथांत तो सांगतो कीं, शेत उजाड करणारा एक वुडचक आपण मारला आणि खाऊनही पाहिला. मांसाला कस्तुरीसारखा उग्र वास होता, तरी क्षणभर रुचि वाटली, हेंही तो लपवीत नाहीं. परंतु त्याच शेताविषयीं लिहितांना, तेथील मूळ वनस्पति उपटून घेवडा लावण्याचा आपल्याला तरी काय अधिकार, अशी शंका तो स्वतःलाच विचारतो. शिकार करणारा हात आणि शंका घेणारें मन एकाच मनुष्याचे असूं शकतात, हें येथें स्पष्ट दिसतें.

शासनाला अशी शंका सहसा शिवत नाहीं. १८८३ सालीं न्यू हॅम्पशायर संस्थानच्या विधिमंडळानें खास ‘वुडचक समिति’ नेमली. तिनें अर्धवट विनोदी भाषेंत या प्राण्यावर आरोपपत्रच लिहिलें, आणि प्रत्येक वुडचकामागें दहा सेंटांचें बक्षीस ठरलें. ती योजना फार काळ टिकली नाहीं; वुडचक मात्र टिकला. त्याचें कारण उघड आहे. एक बीळ रिकामें झालें कीं शेजारचीं पिलें मोठीं होऊन तेथें वस्तीला येतात. जोंवर कुरण तेंच आणि कड तीच, तोंवर बक्षिसानें संख्या कायमची कशी घटावी?

याच सुमारास पेनसिल्व्हानियांतील पंक्सटॉनी गांवीं निराळाच प्रकार घडला. दोन फेब्रुवारीस बिळांतून बाहेर आलेल्या प्राण्यानें आपली सावली पाहिली तर हिवाळा लांबतो, अशी समजूत जर्मन वसाहतवाल्यांनीं बरोबर आणली होती. जर्मनींत हें भविष्य बिज्जूसारख्या एका प्राण्यावरून पाहत. अमेरिकेंत तो मान वुडचकाकडे गेला. १८८६ सालीं तेथील वृत्तपत्रांत या दिवसाचा उल्लेख आला आणि १८८७ सालीं गांवची मंडळी टेंकडीवर जाऊन हा सोहळा करूं लागली. मौज अशी कीं, हे आद्य भक्त ग्राउंडहॉगचे शिकारीच होते, आणि त्यांच्या मेजवानींत त्याचेंच मांस वाढलें जाई. भविष्यवेत्ता आणि पक्वान्न हीं दोन्हीं पदें एकाच प्राण्याला देण्याचें औदार्य मनुष्यच दाखवूं जाणे!

विसाव्या शतकांत बंदूक बदलली आणि तिच्याबरोबर शिकारीचें स्वरूपही. पूर्वीं शेतकऱ्याचा मुलगा लहान बोराची बंदूक घेऊन गडग्याआडून सरपटत जवळ जाई. १९३५ सालीं सेकंदास चार हजार फुटांहून अधिक वेगानें गोळी फेंकणारें ‘२२० स्विफ्ट’ हें काडतूस निघालें. दुर्बिणी बसविलेल्या बंदुकांनीं दोन-तीनशें यार्डांवरून नेम धरणें ही एक विद्या झाली, आणि १९५१ सालीं लँडिस या लेखकानें वुडचक व त्याच्यासाठींच्या बंदुका यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

तथापि नवशिक्याला या शिकारीचा पहिला धडा मिळतो तो शेतकऱ्याच्या दाराशीं. जमीन त्याची, म्हणून आधीं परवानगी मागावयाची, कोणत्या शेतांत पीक उभें आहे व गुरें कोठें चरतात हें विचारावयाचें, फाटक जसें सांपडलें तसेंच लावून निघावयाचें. लहान बोराची गोळीही मैलाहून अधिक दूर जाऊं शकते. तेव्हां मागें मातीचा उतार असल्याशिवाय चाप ओढावयाचा नाहीं. गवताची पहिली कापणी झाल्यावर सकाळीं किंवा सायंकाळीं प्राणी नीट दिसतो. वसंतांत मादी मारली तर बिळांतलीं पिलें उपाशीं मरतात; म्हणून विचारी शिकारी तेवढे दिवस थांबतो. शिकार खावयाची असेल, तर पुढच्या पायांखालच्या उग्र वासाच्या ग्रंथि आधीं काढाव्या लागतात. हे नियम पाळणारास दुसऱ्या वर्षीं शेतकरी आपण होऊन बोलावतो. बक्षिसाच्या कायद्याला जें साधलें नाहीं, तें शेजारधर्मानें थोडेंबहुत साधतें: जेथें नुकसान होतें तेथेंच आणि तेवढाच बंदोबस्त.

पुढें काळ फिरला. न्यू इंग्लंडचीं शेतें ओस पडलीं व त्यांवर पुन्हा झाडें वाढलीं. न्यू हॅम्पशायरची सुमारें चार-पंचमांश भूमि आज अरण्याखालीं आहे, आणि झाडींत हिंडणारास जुने गडगे मध्येंच आडवे येतात. कायोटी हें कोल्ह्यासारखें श्वापद पश्चिमेकडून पूर्वेस पसरलें आणि वुडचकाला नवा भक्षक मिळाला. त्यानें सोडलेल्या बिळांत कोल्हे, ससे आणि स्कंक राहतात. १९७८ सालीं शास्त्रज्ञांनीं वुडचकांत मनुष्याच्या हिपॅटायटिस-बीसारखाच विषाणु असल्याचें प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून त्या दुर्धर यकृतरोगाच्या अभ्यासांत या प्राण्याचें मोठें साह्य झालें. ज्याच्यांत एकही गुण नाहीं असें समितीनें ठरविलें होतें, त्याचा हा एक गुण शंभर वर्षें पुरीं होण्याच्या आंतच दिसून आला.

पिकाचें रक्षण करणें हा शेतकऱ्याचा हक्क आहे, यांत आम्हांस शंका नाहीं. रानडुकरांनीं तुडविलेला ऊस ज्यानें पाहिला आहे, तो या हक्काची थट्टा करणार नाहीं. परंतु चाप ओढण्यापूर्वीं, हा पाहुणा येथें आला कसा आणि त्याला बोलावलें कोणीं, हा हिशेबही मांडला पाहिजे. वुडचकाच्या इतिहासांत त्या हिशेबाच्या पहिल्या ओळीवर मनुष्याचेंच नांव आहे.